मुक्या अवयवाची विचारपूस

मनुष्याच्या शरीरांत कांहीं अवयव बोलके असतात व कांहीं मुके असतात. दांतास कीड लागली कीं तो सारी रात्र घर जागें ठेवतो. पोटांत कळ उठली कीं तिचें गाऱ्हाणें शेजारच्या खोलींतहि ऐकूं जातें. डोळ्यांत कुसळ शिरलें तर क्षणाचाहि विलंब न लावतां तो अश्रु ढाळूं लागतो. मूत्रपिंडांचा स्वभाव याच्या अगदीं उलट आहे. बरगड्यांच्या आडोशास, पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, हीं दोन मूठभर पिंडें रात्रंदिवस काम करीत असतात. आणि त्यांची निम्मी शक्ति नष्ट झाली तरी तीं कुरकुर म्हणून करीत नाहींत. प्रत्येक मोठ्या कुटुंबांत अशी एखादी थोरली काकू असते, कीं जी पहांटेपासून रात्रीपर्यंत सर्वांचें उरकते, स्वतःचें दुखणें कोणास सांगत नाहीं, आणि एके दिवशीं अकस्मात् अंथरूण धरते तेव्हांच घराला कळतें कीं ती कित्येक महिने आजारी होती. मूत्रपिंडें हीं शरीररूपी घरांतील अशीच थोरली काकू होत. तीं आपण होऊन बोलत नाहींत. त्यांची विचारपूस आपणच करावी लागते.

ही विचारपूस सर्वांनींच करावी हें खरें. परंतु एका विशिष्ट वर्गाच्या रुग्णांच्या बाबतींत ती न झाल्यास केवढा अनर्थ ओढवतो, याचा अनुभव आमच्या घरानें घेतला आहे. मूत्राशयाच्या कर्करोगामुळें ज्यांचें मूत्राशय शस्त्रक्रियेनें काढून टाकावें लागलें, अशा रुग्णांचा हा वर्ग होय. विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे अशी समजूत आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठीं त्याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. या रोगांत लघवीवाटे रक्त जातें, आणि तें बहुधा वेदनेवांचून जातें. म्हणून पुष्कळजण 'उष्णता झाली असेल' अशी मनाची समजूत घालून आठवडेच्या आठवडे धन्याजिऱ्याचें पाणी पीत बसतात. तंबाखूचें धूम्रपान हें या रोगाचें सर्वांत मोठें ज्ञात कारण आहे. रंगाच्या कारखान्यांतील रसायनांशीं असलेला त्याचा संबंधहि फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यानें १८९५ सालींच उघड केला होता. रोग मूत्राशयाच्या आंतल्या अस्तरापुरताच असेल तर दुर्बिणीच्या साह्यानें गांठ खरवडून काढतां येते. पण तो स्नायूंच्या थरांत उतरला म्हणजे सबंध मूत्राशय काढणें हा प्रमुख उपायांपैकीं एक ठरतो. अशा घरांत मग एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं असतो : 'गांठ पुन्हां येणार नाहीं ना ?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या जोडीस दुसराहि एक प्रश्न हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं : मूत्राशय गेलें, आतां मूत्रपिंडांचें काय?

प्रथम या अवयवांचें काम काय तें पाहूं. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून मिनिटाला सुमारें सव्वाशें मिलीलिटर, म्हणजे दिवसाकांठीं १८० लिटर, द्रव रक्तांतून गाळतात; त्यांतील बहुतेक सर्व शरीर परत शोषून घेतें, व दीड-दोन लिटर काय तो मूत्ररूपानें उरतो. हें मूत्र दोन बारीक मूत्रवाहिन्यांवाटे मूत्राशयांत येतें. मूत्राशय ही केवळ एक थैली आहे असें वाटतें. परंतु ती मोठी शहाणी थैली आहे. तिचें अस्तर असें कीं मूत्रांतील त्याज्य पदार्थ त्यांतून रक्तांत सहसा परत शिरूं शकत नाहींत; ती भरत असतां आंतला दाब फारसा वाढत नाहीं; आणि मूत्रवाहिन्या तिच्या भिंतींतून तिरप्या शिरत असल्यामुळें थैली कितीहि भरली तरी मूत्र उलटें वर चढत नाहीं. सारांश, मूत्राशय म्हणजे मूत्रपिंडांचा द्वारपालच होय. हा द्वारपाल काढून टाकल्यावर त्याच्या जागीं दुसरा कोणी तरी नेमणें प्राप्त होतें. आणि शस्त्रवैद्यांनीं दीर्घकाळ खटपट करून जो नेमला, तो म्हणजे रुग्णाचेंच आंतडें.

या खटपटीचा इतिहास पाहिला तर प्रत्येक पायरीवर मूत्रपिंडांचाच कौल निर्णायक ठरलेला दिसतो. लंडन येथील जॉन सायमन यानें १८५२ सालीं, जन्मतः मूत्राशय उघडें असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या गुदाशयाकडे वळविल्या. तो मुलगा सुमारें वर्षभरानें दगावला. १८८७ सालीं जर्मनींतील कोलोन शहरीं बार्डेनहॉयर यानें गांठीनें ग्रासलेलें मूत्राशय प्रथमच समग्र काढलें. शस्त्रक्रिया पार पडली. परंतु मूत्रवाहिन्यांना दुसरी वाट करून देतां आली नाहीं, आणि रोगी सुमारें दोन आठवड्यांनीं मूत्रविषबाधेनें गेला. गांठ निघाली होती, पण मूत्रपिंडांची वाट बंद झाली होती. दोनच वर्षांनीं, १८८९ सालीं, प्राग येथील पावलिक यानें एका स्त्रीच्या मूत्रवाहिन्यांस योनिमार्गांत वाट करून देऊन मूत्राशय काढलें, आणि ती स्त्री वांचली. दोन्ही रोग्यांच्या दैवांतील फरक गांठीनें केला नाहीं. मूत्रपिंडांना वाट मिळाली कीं नाहीं, यानें केला.

त्यानंतर सुमारें अर्धशतक मूत्रवाहिन्या मोठ्या आंतड्यास जोडण्याची रीति चालली. बाहेरून कोणास कांहीं कळत नसल्यामुळें ती रुग्णांस सोयीची वाटे. पण तींत मूत्र व मळ एकत्र होत, जंतु उलटे वर चढून मूत्रपिंडें नासवीत, आणि १९५० सालीं फेरिस व ओडेल या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं अशा बहुसंख्य रुग्णांच्या रक्तांत आम्लता वाढलेली असते. त्याच १९५० सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील यूजीन ब्रिकर यानें आपली रीति प्रसिद्ध केली. लहान आंतड्याचा सुमारें वीतभर तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वेगळा करावयाचा, त्याच्या एका टोंकास दोन्ही मूत्रवाहिन्या जोडावयाच्या, व दुसरें टोंक पोटावर, बहुधा उजव्या बाजूस, छिद्र पाडून बाहेर काढावयाचें. त्या तोंडावर पिशवी चिकटवावयाची. ही रीति आजहि मोठ्या प्रमाणावर प्रचारांत आहे. पुढें आंतड्याचा दीड-दोन फूट लांबीचा तुकडा उभा चिरून व गोलाकार शिवून त्याचेंच नवें मूत्राशय करण्याच्या रीति निघाल्या. जर्मनींतील उल्म व स्वित्झर्लंडांतील बर्न येथील शस्त्रवैद्यांनीं त्या विशेष नांवारूपास आणल्या. त्यांत पिशवी लागत नाहीं. परंतु मूत्र आंतड्यांत अधिक वेळ सांठतें, म्हणून ज्यांचीं मूत्रपिंडें आधींच क्षीण आहेत त्यांना ही रीति सहसा सुचवीत नाहींत.

आंतडें हा द्वारपाल होतकरू खरा. पण त्याची जन्माची खोड जात नाहीं. शोषून घेणें हा आंतड्याचा धर्म. मूत्रपिंडांनीं मोठ्या श्रमानें जें बाहेर टाकलें, त्यांतील अमोनियम व क्लोराइड तें पुन्हां रक्तांत घेतें, आणि त्याच्या बदल्यांत शरीराचें बायकार्बोनेट गमावतें. परिणामीं रक्त आम्लतेकडे झुकतें. सशक्त मूत्रपिंडें हा जास्तीचा भार निमूटपणें फेडतात. अशक्त झालेलीं फेडूं शकत नाहींत. मग आम्ल सांठतें, तें शमविण्यासाठीं हाडांतील चुना खर्चीं पडतो, आणि मूत्रपिंडांची झीज अधिकच वाढते. कर्ज फेडण्यासाठीं कर्ज काढणाऱ्या गृहस्थासारखी ही स्थिति होय. अशा रुग्णास थकवा येतो, अन्नावरची वासना उडते, वजन घटतें. आणि घरांतील मंडळी 'वयोमान आहे' असें म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात.

याखेरीज आंतड्यांत चिकट स्राव सुटत असतो, त्यामुळें खडे धरण्यास मदत होते. जंतूंची वस्ती तर तेथें कायमचीच. आणि मूत्रवाहिनी जेथें आंतड्यास जोडलेली असते तो सांधा कालांतरानें अरुंद होऊं शकतो. डाव्या बाजूची मूत्रवाहिनी आंतड्याखालून ओढून उजवीकडे आणावी लागत असल्यानें हा प्रकार डावीकडे अधिक आढळतो. धोक्यांमध्यें हा सर्वांत कपटी. सांधा हळूहळू आवळत जातो, वरचें मूत्रपिंड मूत्रानें फुगतें, त्याच्या गाळण्या दाबानें मरतात, आणि या सर्व काळांत रुग्णास पुष्कळदां यत्किंचितहि वेदना होत नाहीं. पिशवी तर नेहमींसारखी भरतच असते, कारण दुसऱ्या बाजूचें मूत्रपिंड दोघांचें काम करूं लागलेलें असतें.

आमच्या वडील बंधूंच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. घरांत लहानथोर सारे त्यांस दादा म्हणतात. हायस्कुलांत गणित शिकविण्यांत त्यांची हयात गेली. त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया पुण्यांत २०१२ सालीं झाली. वय त्या वेळीं सहासष्ट होतें. पहिले तीन महिने कठीण गेले. पण पिशवी बदलण्याचें काम वहिनींनीं आत्मसात् केलें, आणि तिसऱ्या तपासणीनंतर तर त्यांनीं दुधाच्या हिशेबाच्या वहींतच मागच्या पानांवर दादांच्या रक्ताचे आंकडे उतरून ठेवण्यास आरंभ केला. रक्तांतील क्रिएटिनिन नांवाच्या पदार्थावरून मूत्रपिंडांची शक्ति अजमावतात. तो आंकडा शस्त्रक्रियेपूर्वीं १.० होता, २०१४ सालीं १.२ झाला, आणि २०१७ सालीं १.४. त्या सालीं पांच वर्षें पुरीं झालीं. ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली होती तेथील तरुण डॉक्टर स्कॅन पाहून हंसले व म्हणाले, 'आजोबा, परीक्षा पास झालांत. आतां इकडे येण्याचें कारण नाहीं.' घरीं पेढे वाटले गेले. गांठीच्या दृष्टीनें डॉक्टरांचें म्हणणें बरोबरच होतें. परंतु त्याच स्कॅनच्या अहवालांत, दुसऱ्या पानावर, 'डावें मूत्रपिंड किंचित् फुगलेलें' अशी एक ओळ होती. ती ओळ ना कोणी अधोरेखित केली, ना तिचा अर्थ आम्हांस कोणी सांगितला.

पुढल्या वर्षीं, म्हणजे २०१८ च्या वैशाखांत, दादांच्या नातवाची मुंज निघाली. दादांनीं मांडवांत सोवळें नेसून बसावें अशी सर्वांची इच्छा. पण पिशवी भरली, चारचौघांत उठावें लागलें, किंवा न जाणो, कडेनें गळली तर काय, या धास्तीनें त्यांनीं आदल्या रात्रीपासूनच पाणी जवळजवळ बंद केलें होतें. ही त्यांची त्या दिवसापुरती युक्ति नव्हती. प्रवास, लग्नकार्य, व्याख्यान, कोठेंहि जावयाचें झालें कीं ते असेंच करीत, हें वहिनींनीं मागाहून सांगितलें. मुंज यथासांग झाली. संध्याकाळीं दादांना हुडहुडी भरून ताप चढला, आणि रात्रीं ते असंबद्ध बोलूं लागले. दुसऱ्या एका रुग्णालयांत तातडीनें सोनोग्राफी केली, तेव्हां डावें मूत्रपिंड फुगून त्यांत पू झालेला आढळला. क्रिएटिनिन २.८ वर गेलें होतें. डॉक्टरांनीं पाठीतून थेट मूत्रपिंडांत नळी घालून तुंबलेलें मूत्र बाहेर काढलें, म्हणून दादा वांचले. दीड महिन्यानें आंकडा १.७ वर स्थिरावला. पुढें आवळलेला सांधा शस्त्रक्रियेनें सोडवून नव्यानें जोडला. पण डाव्या मूत्रपिंडाचें नुकसान भरून आलें नाहीं. विशेष तपासणींत असें दिसलें कीं दोघांच्या मिळून होणाऱ्या कामांत त्याचा वांटा शंभरांत अवघा वीस उरला आहे.

अंथरुणावर उठून बसूं लागल्यावर दादांनीं वहिनींची ती वही मागविली व आम्हांस जवळ बसवून आंकडे दाखविले. 'अरे, एक दशांश शून्याचें एक दशांश चार झालें, तर आपण म्हणालों, थोडासाच फरक आहे. पण हें प्रमाण व्यस्त आहे ! वय जमेस धरून हिशेब कर. मिनिटाला गाळण सुमारें त्र्याऐंशी होती, ती सहासष्ट झाली, मग चौपन्न. म्हणजे पेढे वाटले त्या दिवशीं तिसरा हिस्सा भांडवल बुडालें होतें.' क्षणभर थांबून ते पुढें म्हणाले, 'वर्गांत जो मुलगा कधीं गडबड करीत नाहीं, त्याच्याकडेच आधीं पाहावें, असें मी नव्या मास्तरांना नेहमीं सांगत असें.'

क्रिएटिनिनच्या बाबतींत दादांचा हा हिशेब प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखा आहे. हा पदार्थ स्नायूंपासून तयार होतो. म्हणून एकच आंकडा दोन माणसांत दोन निराळे अर्थ सांगतो. १.२ हा आंकडा पंचवीस वर्षांच्या धडधाकट तरुणाचा असेल तर त्याची गाळणशक्ति मिनिटाला सुमारें ८६ मिलीलिटर निघते; तोच आंकडा पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धेचा असेल तर ती सुमारें ४७ च भरते. ही शक्ति तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिली तर त्यास मूत्रपिंडांचा जुनाट विकार म्हणतात. तेव्हां कागदावर आंकड्यापुढें खूण नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. गाळणशक्ति किती, व मागील वर्षाहून ती किती उतरली, असें स्पष्ट विचारावें. एका आंकड्यापेक्षां आंकड्यांची ओळ अधिक खरें बोलते.

आतां कोणी म्हणेल कीं हा एका घरचा दैवदुर्विलास झाला. तसें नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें सोळाशेंहून अधिक रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास करून २०१४ सालीं तो प्रसिद्ध केला. मूत्राशय काढल्यानंतर दहा वर्षांच्या अवधींत बहुसंख्य रुग्णांची गाळणशक्ति लक्षणीय उतरल्याचें त्यांत दिसून आलें. वयाबरोबर ती थोडी उतरतेच. पण येथें उतार अधिक असतो. विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं रुग्णास पिशवी आहे कीं नवें मूत्राशय आहे, यापेक्षां इतर कारणेंच महत्त्वाचीं ठरलीं : वय, मूत्रपिंडांची आधींची स्थिति, रक्तदाब, मूत्रपिंडाची फूग, जंतूंचा वर चढलेला संसर्ग, आणि सांध्याचें आवळणें. यांपैकीं वय कोणाच्या हातीं नाहीं, व झालें गेलें तेंहि नाहीं. परंतु उरलेलीं कारणें वेळीं ओळखतां येतात, व त्यांवर उपाय करतां येतो. आमचें सारें म्हणणें या एका वाक्यांत आहे : गांठीची परीक्षा पांच वर्षांत संपत असेल, मूत्रपिंडांची आयुष्यभर चालते.

मग घरानें करावें काय ? पहिली गोष्ट तपासणीची. पहिलीं दोन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं, व पुढें प्रकृति ठीक असली तरी वर्षांतून निदान एकदां, रक्तांतील क्रिएटिनिन, क्षार व बायकार्बोनेट तपासून घ्यावें, आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी. कर्करोगाच्या डॉक्टरांनीं निरोप दिला तर 'मूत्रपिंडांसाठीं आतां आम्हीं कोणाकडे जावें ?' असें तेथेंच विचारून घ्यावें. बायकार्बोनेट उतरलें असल्यास डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात. पण त्या आपल्या मनानें घेऊं नयेत, कारण त्यांबरोबर शरीरांत सोडियमहि जातें व रक्तदाबाचा विचार करावा लागतो. रक्तदाब ताब्यांत ठेवणें हें तर मूत्रपिंडांच्या रक्षणाचें मुख्य साधनच होय.

दुसरी गोष्ट औषधांची. गुडघेदुखीसाठीं घरोघरीं घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात; अशा रुग्णांनीं त्या डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच घेऊं नयेत. ज्यांत काय आहे हें सांगतां येत नाहीं अशीं चूर्णें व भस्मेंहि टाळावींत, मग तीं कितीहि आप्तानें आणून दिलेलीं असोत.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या शाकाहारी घरांपुरती विशेष महत्त्वाची आहे. बी-१२ हें जीवनसत्त्व लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत शोषलें जातें, आणि शस्त्रक्रियेसाठीं तुकडा घेतात तो त्याच भागाच्या शेजारचा. शरीरांतील सांठा कांहीं वर्षें पुरतो, म्हणून उणीव तीन-चार वर्षांनीं उघडकीस येते : हातापायांस मुंग्या, चालतांना तोल जाणें, विसराळूपणा. शाकाहारी माणसाचा सांठा मुळांतच बेताचा. दूध-दह्यांतून मिळेल तेवढाच. तेव्हां या जीवनसत्त्वाची तपासणी वर्षांतून एकदां करावी, व उणें असल्यास इंजेक्शन घ्यावें.

चौथी गोष्ट तापाची. पिशवी असलेल्या रुग्णाच्या मूत्रांत जंतु बहुधा सदैव सांपडतात. केवळ प्रयोगशाळेच्या कागदावर जंतु दिसले म्हणून वारंवार जंतुनाशकें घेणें हिताचें नाहीं. मात्र हुडहुडी भरून ताप, कमरेच्या वर पाठींत दुखणें, किंवा पिशवींत एकाएकीं मूत्र कमी येणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. तपासणीसाठीं मूत्र पिशवींतून घेऊं नये. पोटावरील तोंडांतून स्वच्छ नळीनें घेतलेलेंच विश्वसनीय असतें. पिशवी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली कीं रिकामी करावी, आणि रात्रीं तिला मोठी पिशवी जोडावी, म्हणजे झोपहि लागते व मूत्र तुंबत नाहीं. ज्यांना नवें मूत्राशय केलें आहे त्यांना तें भरल्याची पूर्वीसारखी जाणीव होत नाहीं. त्यांनीं घड्याळाच्या ठोक्यावर, रात्रीं गजर लावूनहि, तें रिकामें करावें.

आणि शेवटची गोष्ट पाण्याची, जी दिसावयास सर्वांत सोपी पण आचरावयास सर्वांत कठीण आहे. डॉक्टरांनीं हृदयविकारादि कारणानें मर्यादा घातली नसेल तर अशा रुग्णानें दिवसाकांठीं दोन-अडीच लिटर पाणी प्यावें, उन्हाळ्यांत त्याहूनहि अधिक. यांत अडचण तहानेची नाहीं, संकोचाची आहे. आमच्या दादांनीं दुखण्यांतून उठल्यावर देवपूजाच सोडून दिली होती. अशा स्थितींत सोवळें कसलें, असें ते म्हणत. नव्वदीच्या घरांतील आमच्या आत्याबाईंच्या कानांवर हें गेलें, तेव्हां त्या काठी टेकीत देवघराच्या दाराशीं आल्या व म्हणाल्या, 'अरे, तें तुझ्या पोटांत होतें तेव्हां सोवळें मोडत नव्हतें. आतां पोटावर आलें म्हणून मोडतें होय? तांब्याभर पाणी पी आणि पूजेला बैस.' शास्त्रार्थ याहून अधिक काय हवा ! त्या दिवसापासून दादा पूजा करतात, कार्याला जातात, आणि जेथें जातात तेथें यजमानांस आधींच सांगतात कीं मला मध्यें दोनदां उठावें लागेल, जागा कडेची द्या. कोणी भुंवई वर केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांच्या मूत्रपिंडांची शक्ति आज निम्म्याहून कमी आहे. पण गेल्या कित्येक वर्षांत ती फारशी ढळलेली नाहीं, व तीवर ते नातवाला अपूर्णांक शिकवीत आहेत.

एकत्र कुटुंबाविषयीं अलीकडे पुष्कळ बरेंवाईट लिहिलें जातें, आणि त्यांतील वाईट सर्वच खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु या रोगांत अशा कुटुंबाचा एक उपयोग निर्विवाद आहे. रुग्ण स्वतः संकोचानें गप्प राहतो व मूत्रपिंडें स्वभावानेंच गप्प राहतात. अशा वेळीं घरांत तिसरें कोणी तरी बोलणारें असावें लागतें. सुनेनें सहज विचारावें, 'आज पाणी किती झालें ?' मुलानें अहवालाचें दुसरें पान उलटून पाहावें, नातीनें आंकडे तारीखवार मांडून ठेवावेत, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं सोवळ्याओवळ्याचा बाऊ होऊं देऊं नये. यांत खर्च कांहींच नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं असा रुग्ण असेल त्यांनीं हा अंक मिटतांच त्याच्या मागील तीन वर्षांच्या तपासण्यांचे कागद काढून ते आंकडे एकाखालीं एक लिहावेत, आणि उतार दिसल्यास याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावेत. एवढें एका घरांत जरी झालें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.